दोन अ‍ॅक्सल की तीन? आधी वजन करा

गेल्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन वाजला की सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला वाटतं, अपघात विभागातून बोलावणं आलं. त्या रात्रीचा फोन मात्र ताईचा होता, अमेरिकेहून. "आम्ही दोघं ठीक आहोत," हे तिचं पहिलं वाक्य. पहिलंच वाक्य असं आलं की पुढे काय ऐकावं लागणार, याचा अंदाज आम्हा डॉक्टरांना येतो.

ताई आणि दाजी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतात. दाजी निवृत्त झाल्यावर दोघांनी एक जुना ट्रेलर विकत घेतला. हा ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं असतं. नसतं ते फक्त इंजिन. आपल्या पिकअप गाडीला मागे जोडायचं आणि निघायचं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात निवृत्त जोडपी महिनोन् महिने अशी फिरतात. आपल्याकडचे अनेक आईवडील मुलांकडे गेले की अशा एखाद्या सहलीला जाऊन येतात, त्यामुळे काही वाचकांनी ही गाडी आतून पाहिलेली असेल.

त्या दुपारी महामार्गावर ताशी शंभराच्या वेगात ट्रेलरचा एक टायर फुटला. ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागला. दाजींनी कशीबशी गाडी कडेला घेतली. फुटलेल्या टायरच्या पट्ट्यांनी खालचा पत्रा फाडला आणि पाण्याचा पाइप तोडला. दोघांना खरचटलंही नाही. पण पुढे ताई म्हणाली, "आणि मग ह्यांनी भर उन्हात बसून चाक बदललं." दाजी ६६ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू. पाना निसटून मांडीवर बसला होता आणि तिथे तळहाताएवढं काळंनिळं झालं होतं.

तीन दिवसांनी दाजींचा स्वतःचा फोन. ते ट्रेलरच्या दुकानात जाऊन आले होते. तिथल्या माणसाने सांगितलं, "दोन अ‍ॅक्सलचा आहे म्हणून असं झालं. तीन अ‍ॅक्सलचा घ्या, निर्धास्त व्हा." दाजी मला म्हणाले, "तू सांग. दोन की तीन?"

"दाजी, मी माणसांचा डॉक्टर आहे हो," मी म्हणालो. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हा प्रश्न मला रोज विचारला जातो.

तिसरी गोळी

बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाचे रुग्ण येतात. दोन गोळ्या चालू असतात, तरी दाब चढलेला. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, तिसरी गोळी द्या." कधी ती खरंच द्यावी लागते. पण त्याआधी आम्ही काही गोष्टी पाहतो. दाब नीट मोजला होता का? आहेत त्या गोळ्या रोज घेतो का? जेवणात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे किती? दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का? यातलं काही न विचारता तिसरी गोळी लिहिली, तर दाब कदाचित उतरेल. पण "आता तीन गोळ्या आहेत" म्हणून लोणच्याची फोड दुप्पट होते आणि सहा महिन्यांनी गाडी पुन्हा मूळपदावर.

तिसऱ्या अ‍ॅक्सलचं अगदी असंच आहे. म्हणून दाजींना मी सांगितलं, की उत्तर देण्याआधी मला तुमच्या ट्रेलरचा इतिहास हवा आणि तपासणीही. तोवर दुकानात पाऊल टाकू नका.

अ‍ॅक्सल करतो काय

अ‍ॅक्सल म्हणजे आस. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. वरचं सगळं ओझं त्यावरून चाकांत आणि चाकांतून रस्त्यावर उतरतं. दोन अ‍ॅक्सल म्हणजे चार चाकं, तीन म्हणजे सहा. एकच ओझं चारऐवजी सहांनी उचललं तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. इतकं साधं आहे. ओझं मात्र तितकंच राहतं. फक्त ते वाटलं जातं.

हे समजायला मधुमेहाच्या रुग्णाचं पाऊल पाहावं. पायाची संवेदना गेलेली असते आणि चालताना भार अंगठ्याच्या मुळाशी एकाच ठिकाणी पडत राहतो. तिथे आधी घट्टा, मग जखम, आणि दुर्लक्ष झालं तर बोट कापण्याची वेळ. रुग्णाचं वजन ७० किलो आहे की ८०, याहून तो भार कुठल्या एका जागी पडतो हे महत्त्वाचं. आमच्याकडे अशांना मऊ रबराची एमसीआर चप्पल देतात. ती वजन कमी करत नाही, तळव्यावर पसरवते. जखम भरायला तेवढं पुष्कळदा पुरतं.

टायर हे ट्रेलरचे तळवे. प्रत्येक टायरवर त्याची भार उचलण्याची मर्यादा छापलेली असते, आणि ती ठरावीक दाबाची हवा भरली तरच खरी असते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, वाकते, सरळ होते. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तो तापतो, तसा टायर तापतो. आतले थर सुटू लागतात. बाहेरून नक्षी शाबूत दिसते आणि एका उन्हाळी दुपारी टायर फुटतो. म्हणून ट्रेलरचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. नक्षी कितीही चांगली असली तरी पाच-सहा वर्षांनी तो बदलावा, असा तिथला सर्वसाधारण सल्ला आहे.

इतिहास आणि तपासणी

आता दाजींचा इतिहास. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर सात वर्षांचे निघाले. ट्रेलर घेतला तेव्हा "टायर नवीनच दिसतात" असं दोघांना वाटलं होतं. हवा किती? या टायरना पूर्ण भारासाठी ६५ पौंड हवा लागते. दाजी ५५ ठेवत होते, "आत भांडी कमी वाजतात" म्हणून. वजन कधी केलं होतं? कधीच नाही.

अमेरिकेत महामार्गालगत ट्रक थांबतात तिथे मोठे वजनकाटे असतात. थोड्या डॉलरांत पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचं वेगवेगळं वजन कागदावर मिळतं. पण त्यात ट्रेलरच्या डाव्या-उजव्या बाजूंचा फरक कळत नाही. सुदैवाने ह्यूस्टनच्या उत्तरेला लिव्हिंग्स्टन गावी ट्रेलरवाल्यांच्या एस्केपीज नावाच्या क्लबचं मुख्य ठाणं आहे आणि तिथे एकेका चाकाखालचं वजन करून देतात. दाजी नेहमीच्या प्रवासासारखा भरलेला ट्रेलर घेऊन तिथे गेले. मला कागदाचा फोटो पाठवला. रक्ततपासणीचा अहवाल वाचावा तसा मी तो वाचला.

ट्रेलरची एकूण मर्यादा ४,५०० किलो. प्रत्यक्ष वजन भरलं ४,८६०. म्हणजे ३६० किलो जादा. त्यातले ४३० किलो जोडापाशी पिकअपवर आणि उरलेले ४,४३० चार चाकांवर. सरासरी काढली तर प्रत्येक टायरवर १,१०७ किलो. टायरची मर्यादा १,१५० किलो. दाजी म्हणाले, "म्हणजे मर्यादेत आहे की!"

सरासरी ही मोठी फसवी गोष्ट. एक पाय बर्फात आणि एक निखाऱ्यावर असला तर सरासरी तापमान सुखाचंच येतं. ओट्याच्या बाजूला फ्रिज, शेगडी, भांड्यांची कपाटं, बॅटऱ्या आणि ताईचं वर्षभराचं पीठ-डाळी. त्या बाजूच्या दोन टायरवर मिळून २,४१० किलो, म्हणजे एकेकावर १,२०५. दुसऱ्या बाजूला एकेकावर १,०१०. फुटलेला टायर ओट्याच्या बाजूचा होता, हे सांगायला नकोच. सात वर्षांचा टायर, हवा दहा पौंड कमी, आणि पूर्ण हवेतही झेपणार नाही एवढं ओझं. निदान झालं.

उलाळ गाडी

त्या कागदावर आणखी एक आकडा होता, त्याने मला जास्त काळजी वाटली. जोडावरचा भार ४३० किलो, म्हणजे एकूण वजनाच्या नऊ टक्क्यांहूनही कमी. अशा ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार जोडावर असावा, असा नियम आहे. तो का, हे बैलगाडी हाकलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, बैलांचे पाय जमिनीवर नीट रोवत नाहीत. गाडीवान मग दोन पोती पुढे सरकवतो. दाजींनी दोन सायकली आणि जनरेटर ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला बांधले होते. गाडी उलाळ झाली होती.

ताशी चार किलोमीटरला उलाळ गाडी फक्त कुरकुरते. ताशी शंभराला ती शेपटीसारखी हलू लागते, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होऊ शकतो. टायर फुटल्यावर ट्रेलर इतका झुलला तो यामुळेही. अ‍ॅक्सल दोनाचे तीन केले तर सहा टायरच्या पकडीमुळे झोका थोडा आवरतो खरा. पण मागे ओझं आणि पुढे हलकं ही मूळ चूक तशीच राहते. झोके सुरू झालेच तर काय करायचं, हेही दाजींना माहीत नव्हतं. पिकअपचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा, आणि चालकाजवळ ट्रेलरच्या ब्रेकचं जे वेगळं बटण असतं तेवढंच दाबायचं, म्हणजे मागचं धूड मागून ओढलं जाऊन सरळ होतं.

तिसऱ्या अ‍ॅक्सलचं खरं दान

एवढं वाचून कुणाला वाटेल, डॉक्टर तिसऱ्या अ‍ॅक्सलच्या विरोधात आहेत. तसं नाही. तिसरा अ‍ॅक्सल एक खरी गोष्ट देतो, ती म्हणजे राखीव ताकद.

दाजींच्याच ट्रेलरचं उदाहरण घ्या. एका बाजूच्या चाकांवर समजा २,००० किलो आहेत. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीत त्या बाजूला दोन टायर, प्रत्येकी १,०००. एक फुटला की ढोबळमानाने सगळे २,००० दुसऱ्यावर येतात. तो मर्यादेच्या पार बाहेर जातो, आणि चालकाने लगेच थांबवलं नाही तर तोही जातो. तीन अ‍ॅक्सल असतील तर त्या बाजूला तीन टायर, प्रत्येकी ६७० च्या आसपास. एक फुटला तर उरलेल्या दोघांवर १,०००. दोघेही आपल्या मर्यादेत. म्हणजे एका टायरचं मरण गाडी सोसते. शिवाय ब्रेक चाराऐवजी सहा चाकांना, त्यामुळे घाट उतरताना प्रत्येक ब्रेक कमी तापतो.

शरीरातही निसर्गाने अशी शिल्लक ठेवली आहे. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस दुसऱ्यावर आयुष्य काढतो. पण दोन मूत्रपिंडं आहेत म्हणून कुणी दुप्पट विष प्यायचं नसतं.

आणि त्याची किंमत

तिसऱ्या अ‍ॅक्सलची किंमत दुकानात फक्त डॉलरांत सांगतात. बाकीची अशी.

पहिली, वळण. पिकअपची पुढची चाकं वळतात. ट्रेलरची चाकं वळत नाहीत, ती सरळच असतात. दोन अ‍ॅक्सल जवळजवळ असले तरी आखूड वळणात चाकं थोडी आडवी घासत जातात. तीन अ‍ॅक्सल असले की गाडी मधल्याभोवती फिरते आणि पहिला व तिसरा आडवे ओढले जातात. उतरून मागून पाहिलं तर टायर कपडा पिळावा तसे पिळलेले दिसतात. टायरची बाजू, स्प्रिंगचे कान, अ‍ॅक्सलचा दांडा, सगळ्यांवर हा ताण येतो. तळावरच्या अरुंद जागेत उलटं घेताना हा प्रकार रोजचा.

दुसरी, देखभाल. सहा टायर, सहा ब्रेक, सहा बेअरिंग. वर्षातून एकदा बेअरिंगला ग्रीस, सकाळी निघताना प्रत्येक टायरची हवा. पाच-सहा वर्षांनी टायर बदलायचे ते सहा. अमेरिकेत अनेक टोलनाक्यांवर पैसे अ‍ॅक्सल मोजून घेतात, तिथेही एक वाढतो.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी किंमत म्हणजे ओढणारी गाडी. ट्रेलरला अ‍ॅक्सल वाढवल्याने पिकअपची ताकद तसूभर वाढत नाही. तीन अ‍ॅक्सलचे ट्रेलर बहुतेक लांब आणि जड असतात. दुकानदाराने दाखवलेल्याची मर्यादा ७,७०० किलो. त्याचा जोड पिकअपच्या मागच्या हौद्यात येतो आणि अशा ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार त्या जोडावर असतो. म्हणजे दीड हजार किलो. दाजींच्या पिकअपच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्यापांढऱ्या कागदावर लिहिलंय, माणसं, सामान आणि जोडाचा भार मिळून ७०० किलोपेक्षा जास्त नको. म्हणजे नवा ट्रेलर घ्यायचा तर पिकअपही नवी, त्याहून थोराड. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एवढ्या मोठ्या ट्रेलरला चालवण्याचा परवानाही वेगळा लागतो.

आणि इतकं करून आत सामान किती जास्त ठेवता येईल? त्यासाठी एकच वजाबाकी करायची. एकूण मर्यादेतून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करायचं. उरेल तेवढं आपलं. मोठ्या ट्रेलरमध्ये दोन शौचालयं, दगडी ओटा, बाहेर सरकणाऱ्या भिंती असतात, आणि त्याच ती राखीव ताकद आधी खाऊन टाकतात. तीन अ‍ॅक्सल असूनही सामानाची मुभा दोन अ‍ॅक्सलवाल्याएवढीच, असे ट्रेलर बाजारात मिळतात. पाण्याची सव्वादोनशे लिटरची टाकी भरली की सव्वादोनशे किलो गेले, हेही त्यातच धरायचं.

आमच्या हंगामातला धडा

शिल्लक खाण्याची ही सवय मला सातासमुद्रापार जाऊन शिकावी लागली नाही. आमचा उसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की अपघात विभागाचाही होतो. लहानपणी ऊस बैलगाडीने जाताना पाहिला. मग ट्रॅक्टरमागे दोन चाकी गाडी आली, चार चाकी ट्रॉली आली, एकामागे दुसरी ट्रॉली जोडली गेली. प्रत्येक वेळी चाकं वाढली तेव्हा चाकामागचं ओझं कमी व्हायला हवं होतं. पण बाजूला उभे दांडे लावून ढीग वाढला, आणि चाकाच्या वाट्याचं ओझं होतं तिथेच राहिलं, किंवा चढलं. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात ती यामुळेच. उतारावर ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. आणि अंधारात दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते. तो पोरगा आमच्याकडे येतो. पाठीमागे लावलेली लाल चमकती पट्टी आणि एक जळता दिवा, एवढ्याने वाचली असती अशी माणसं मी पाहिली आहेत. ट्रॉलीला किती चाकं आहेत हे त्यांना वाचवायला उपयोगी पडलं नसतं.

म्हणून सुरक्षितता विकत आणली की झालं, असं कुणी सांगितलं की मला शंका येते. विकत मिळते ती शिल्लक. ती शिल्लक म्हणून राखली तरच सुरक्षितता होते.

चालवणाऱ्याचाही कागद वाचा

दाजींना मी शेवटी विचारलं, "ट्रेलरच्या मर्यादा पाहिल्या, आता तुमच्या पाहू." स्टेंट बसवून आठ महिने झालेल्या माणसाने गाडी चालवणं यात वावगं काही नाही, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिलेली होती. पण रखरखीत उन्हात, घाबरलेल्या अवस्थेत, उकिडवं बसून गंजलेले नट सोडवणं ही वेगळी गोष्ट. त्या वेळी हृदयाला लागणारा प्राणवायू एकदम वाढतो, अंगातलं पाणी घामातून जातं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना साधा मुका मारही आत बराच रक्तस्राव करतो. डोक्याला लागलं तर बाहेरून काही न दिसताही तातडीने रुग्णालयात जायला हवं. आणि डाग दिसला म्हणून घाबरून त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणं हे त्याहून घातक, कारण स्टेंट बंद पडू शकतो. मांडीवरचा डाग पाहून ताई नेमकं तेच करायला निघाली होती.

म्हणून आमच्यात काही गोष्टी ठरल्या. चाक फुटलं तर दोघांनी रस्त्यापासून दूर, सावलीत थांबायचं आणि मदतीची गाडी बोलवायची. दर दोन तासांनी थांबून दहा मिनिटं चालायचं. तेवढ्यात ताईने टायरना आणि चाकाच्या मध्यभागी हात जवळ नेऊन जास्त तापलंय का पाहायचं. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर "पुढच्या गावात पाहू" म्हणायचं नाही. तिथेच कडेला घेऊन आपत्कालीन क्रमांकाला फोन लावायचा. आणि ट्रेलर कुठलाही असो, वेग शंभरावरून नव्वदवर आणायचा.

मग दोन की तीन?

मोठं कुटुंब असेल, वर्षभर त्यातच राहायचं असेल, मागे मोटारसायकली किंवा चाकाची खुर्ची न्यायची असेल, आणि भरल्यावर चाकांवर येणारं वजन दोन अ‍ॅक्सलच्या मर्यादेला टेकत असेल, तर तीन अ‍ॅक्सलच घ्यावेत. सोबत ते ओढणारी दणकट गाडीही घ्यावी. काटकसर करून तिथे दोनवर भागवणं म्हणजे तिसरी गोळी खरंच लागत असताना टाळणं. पण भरल्यावरही प्रत्येक टायर मर्यादेच्या तीन-चतुर्थांशात राहत असेल, तर दोन पुरतात. आणि दोघांनाच फिरायचं तर तेच बरे, कारण वळवायला सोपे आणि सांभाळायला कमी.

दाजींनी नवा ट्रेलर घेतला नाही. चारही टायर नवे, एक पायरी वरच्या क्षमतेचे घेतले. रिमला तेवढा दाब चालतो हे आधी तपासून. हे टायर ८० पौंड हवेवर प्रत्येकी १,२८० किलो उचलतात. टायरमधली हवा आणि उष्णता पिकअपमध्ये बसून दिसेल असं यंत्र लावलं. मग ताईने घर आवरायला काढलं. वीस किलोचं जातं निघालं, न वाचलेल्या पुस्तकांची खोकी निघाली, दाजींची हत्यारांची पेटी निघाली, मागच्या सायकली आणि जनरेटर गेले. पाण्याची टाकी तळावर पोहोचून भरायची असं ठरलं. पुन्हा काट्यावर गेले तेव्हा एकूण ४,२५० किलो, जोडावर ४९०, आणि ओट्याच्या बाजूच्या एकेका टायरवर ९८०. प्रत्येक टायरमागे जवळजवळ पाव ताकद शिल्लक.

सप्टेंबरमध्ये दोघं न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत जाऊन आली. ताईने फोटो पाठवला. ट्रेलरच्या सावलीत खुर्ची टाकून दाजी चहा पीत आहेत. खाली एक ओळ होती: "ह्यांचंही वजन चार किलो उतरलंय. काट्यावर सारखं जाऊन सवय लागली."

मी दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसलो. पहिलाच रुग्ण म्हणाला, "डॉक्टर, तिसरी गोळी सुरू करायची का?" मी म्हटलं, "आधी त्या काट्यावर उभे राहा. मग पट्टा बांधू. मग बोलू."